रियासतकार सरदेसाई : एका इतिहासकथनाच्या चार मांडण्या

१

ऐतिहासिक साधनांचे संकलन आणि ऐतिहासिक कथन या दोन व्यवहारांच्या मध्ये आणखी एक व्यवहार असतो, तो मांडणीचा. कोठून आरंभ करावा, कोठे थांबावे, एकाच वेळी दोन ठिकाणी घडलेल्या घटनांपैकी आधी कोणती सांगावी, व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवावे की राज्याला, या प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत मिळत नाहीत. ती निवेदकाला द्यावी लागतात. कादंबरीकाराला या बाबतीत जे स्वातंत्र्य असते ते इतिहासकाराला नसते. तरीही कथन सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र दोघांवर सारखीच असते. मराठीत ही जबाबदारी सर्वांत दीर्घकाळ ज्यांनी वाहिली ते गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९). त्यांच्या ग्रंथाचे नाव त्यांच्या आडनावाला चिकटले आणि महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणून ओळखू लागला. मात्र ‘रियासत’ हा एकसंध, एकदाच लिहून पूर्ण झालेला ग्रंथ आहे ही समजूत बरोबर नाही. मराठ्यांच्या इतिहासाची एकच कथा सरदेसायांनी सुमारे अर्धशतकात चार वेळा मांडली, आणि दर वेळी आधीची मांडणी मोडून मांडली. त्यांचे चरित्र या चार मांडण्यांच्या अनुषंगाने पाहिले असता इतिहासकथनाच्या आराखड्याविषयी काही मूलभूत गोष्टी हाती लागतात.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील एका सामान्य स्थितीतल्या कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. शालेय शिक्षण कोकणात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्या-मुंबईस झाल्यावर १८८८ साली ते पदवीधर झाले. लगेच पुढच्या वर्षी, १८८९ मध्ये, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत ते वाचक म्हणून रुजू झाले. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाचे कामही त्यांच्याकडे आले. ही नोकरी छत्तीस वर्षे टिकली. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, त्यांचा सारांश सांगणे, आणि मुलांना समजेल अशा क्रमाने तो पुन्हा मांडणे हे त्यांचे नित्याचे काम होते. याच काळात महाराजांच्या इच्छेवरून मॅकियाव्हेलीचा ‘द प्रिन्स’ आणि सीलीचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ हे दोन्ही त्यांनी मराठीत आणले. एका ग्रंथात राज्य राखण्याचा विचार आहे, दुसऱ्यात राज्य वाढण्याचा. पुढे ज्यांनी आपल्या इतिहासाला ‘रियासत’ हे नाव दिले, त्या लेखकाची उमेदवारी अशा ग्रंथांवर झाली होती ही बाब दुर्लक्षणीय नाही.

२

पहिली मांडणी अध्यापनाच्या गरजेतून झाली. राजपुत्रांना शिकवण्यासाठी हिंदुस्थानच्या इतिहासाची जी टिपणे त्यांनी तयार केली, त्यांतून ‘हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास’ ही योजना आकारास आली. तिचा पहिला भाग ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये आणि त्यामागून ‘मराठी रियासत’चा पहिला भाग १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ब्रिटिश रियासत’ पुढे आली.

रियासत म्हणजे राज्य, अंमल. हा शब्द निवडताच कथनाचा आराखडा बराचसा ठरून गेला. काळाचे तुकडे सत्ताधाऱ्यांनुसार पडले आणि कथेचे वळण म्हणजे सत्तेचे हस्तांतर असा संकेत निर्माण झाला. या त्रिविभागात एक तार्किक विसंगतीही आहे. पहिले विशेषण धर्मावरून आले आहे, दुसरे भाषा व लोक यांवरून आणि तिसरे राष्ट्रावरून. वसाहतकाळातील पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेल्या कालविभागणीचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो. मात्र विद्यार्थ्यापुढे शेकडो वर्षांचा पट उलगडायचा, तर काही ठळक खुणा लागतात. त्या खुणा म्हणून ही विभागणी सोयीची होती, आणि सरदेसायांनी ती सोय म्हणूनच पत्करली.

या पहिल्या मांडणीपुढे आदर्श दोन होते आणि दोन्ही अपुरे होते. एक १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास; त्यात घटनांचा क्रम होता, परंतु आतली दृष्टी परक्या अधिकाऱ्याची होती. दुसरा बखरींचा. बखरीत कथेचा वेग, संवाद आणि नाट्य होते, मात्र कालक्रमाची शाश्वती नव्हती आणि पात्रांच्या तोंडी घातलेली भाषणे प्रत्यक्षात झाली असे मानण्याला आधार नव्हता. मराठी वाचकाचा कान बखरीच्या कथनाला सरावलेला. त्याला इतिहास सांगायचा, पण कल्पित संवाद टाळायचे. तर त्या नाट्याच्या जागी काय आणावयाचे? सरदेसायांनी ती जागा हळूहळू अस्सल पत्रांना दिली. पत्रातला आवाज हा पात्राचाच आवाज असतो आणि तो निवेदकाला रचावा लागत नाही. रियासतीत निवेदन चालू असताना मध्येच मूळ पत्राचा उतारा येतो तो केवळ पुराव्यासाठी येत नाही. बखरीतील संवाद जे कार्य करीत होता तेच कार्य तो करतो.

३

पहिल्या मांडणीची शाई वाळण्यापूर्वीच तिच्या पायाखालची जमीन हलू लागली होती. ‘मुसलमानी रियासत’ ज्या वर्षी निघाली त्याच १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या काळातील पत्रे त्यात होती. वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला होता आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे संग्रहकार्य चालू होते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढील काही दशकांत अस्सल कागदांचा एवढा पूर आला की कोणतेही सलग कथन हातात पडेपर्यंत जुने ठरावे.

या परिस्थितीत दोन भूमिका संभवत होत्या. राजवाड्यांच्या परंपरेचा कल असा की साधने पुरेशी जमा झाल्याखेरीज सलग इतिहास लिहू नये. अपुऱ्या पुराव्यावरचे कथन वाचकाच्या मनात चुकीचे चित्र रुजवते आणि ते पुढे पुसता येत नाही. सरदेसायांची भूमिका याच्या उलट होती. साधनांचा शोध कधीच संपत नाही. तोपर्यंत कथन थांबवले तर सुटे कागद तेवढे साठत राहतील आणि त्यांचा परस्परसंबंध कोणालाच दिसणार नाही. म्हणून आज आहे त्यावर कथा उभी करावी आणि नवे हाती येताच ती पुन्हा बांधावी. पुण्यातील संशोधकांच्या वर्तुळात ते संशोधक नसून संकलक आहेत असा शेरा दीर्घकाळ वावरत राहिला. त्या शेऱ्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु संकलनातून कथन सिद्ध करणे हीही एक स्वतंत्र बौद्धिक कृती आहे, याची दखल तो शेरा घेत नव्हता.

या वादातील दोन्ही बाजूंचे बळ एका उदाहरणावरून लक्षात येते. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मध्ये झाला असे विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र मानले जात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी आढळली. फरक तीन वर्षांपेक्षा कमी आहे. मात्र कथनाच्या दृष्टीने तो लहान नाही. तोरणा घेतला तो प्रसंग परंपरेप्रमाणे १६४६ चा धरला, तर पहिल्या हिशेबाने नायक एकोणीस वर्षांचा तरुण ठरतो आणि दुसऱ्या हिशेबाने सोळा वर्षांचा मुलगा. मग त्या प्रसंगी निर्णय कोणाचा, जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांचा वाटा किती, शहाजीराजांची संमती कितपत, हे सारे प्रश्न नव्याने उभे राहतात. एक तिथी बदलली की पात्रांचे परस्परसंबंध बदलतात. राजवाड्यांच्या परंपरेला वाटणारी भीती यावरून खरी ठरते. त्याचबरोबर, कथा आधी मांडलेली होती म्हणूनच त्या तिथीचे महत्त्व जाणवले, हेही तितकेच खरे.

कालनिश्चितीची अडचण मराठी पत्रव्यवहारात पदोपदी येते. पेशवाईतील कित्येक पत्रांवर मुसलमानी महिन्याची तारीख म्हणजे चंद्र असतो, पण साल नसते. मजकुरातील संदर्भांवरून ते ठरवावे लागते. एकच पत्र एका सालात बसवले तर ते संकटाची पूर्वसूचना ठरते आणि पुढच्या सालात बसवले तर संकटानंतरची सारवासारव. पत्राचे साल ठरविणे हे अशा वेळी कथानकच ठरविणे असते.

४

‘मराठी रियासत’ची दुसरी मांडणी म्हणजे मध्य व उत्तर विभागांचा प्रचंड विस्तार. पहिल्या भागाने औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत आणलेली कथा आता शाहूच्या सुटकेपासून सुरू झाली आणि पेशवाईच्या अखेरीपलीकडे, सातारच्या राज्याचा शेवट झाला त्या १८४८ पर्यंत पोहोचली. यातील अनेक पाने नोकरीच्या धबडग्यात लिहिली गेली. महाराजांसमवेत परदेशप्रवासही घडत होते. सुट्या टिपणांना एका सूत्रात ओवण्याची शिस्त त्यांना या जीवनक्रमानेच लावली असावी.

शिवकालाचे कथन एका व्यक्तीभोवती फिरू शकते. अठराव्या शतकाचे तसे नाही. सातारा, पुणे, नागपूर, बडोदे, दिल्ली, कर्नाटक अशा अनेक केंद्रांवर घटना एकाच वेळी घडत असतात, आणि एका ठिकाणची बातमी दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला आठवडे लागतात. पानिपतपूर्व वर्षाचे उदाहरण पाहावे. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. त्यानंतर महिना पुरा होण्यापूर्वीच, फेब्रुवारीच्या आरंभी, सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला. उत्तरेत अनर्थ झाला असताना दक्षिणेत विजय साजरा होत होता. पुढे मार्चमध्ये पडदूर येथील मसलतीत भाऊंनी उत्तरेस जावे असे ठरले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संग्राम झाला. निव्वळ तारखांचा क्रम धरला तर वाचक दिल्लीहून उदगीरला आणि उदगीरहून दिल्लीला फरफटत जाईल. स्थळानुसार मांडणी केली तर उदगीरचा विजय व बुराडीचा पराभव यांतील कालसान्निध्य हरवेल. त्या सान्निध्यातच विजयी सेनापतीला उत्तरेत पाठविण्याच्या निर्णयाचे मर्म आहे.

अशा ठिकाणी सरदेसायांनी पत्करलेला मार्ग म्हणजे ‘प्रकरणा’चा. पानिपत हा एखाद्या पेशव्याच्या कारकिर्दीतील एक प्रसंग म्हणून उरकला गेला नाही, तर ‘पानिपत प्रकरण’ असा त्याचा स्वतंत्र भाग झाला. कारकिर्दींच्या कालक्रमात मध्येच असे एक स्वयंपूर्ण कथन बसवणे म्हणजे नियम मोडणे होते. परंतु नियम मोडल्यामुळेच दूर दूर वाहणारे प्रवाह एका ठिकाणी मिळताना दाखविता आले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला महाभारतातील उपाख्यानांची किंवा कादंबरीतील स्वतंत्र खंडांची येथे आठवण व्हावी. आराखडा काटेकोर ठेवावा, पण आशयाने मागणी केली तर त्याला वाकवावे, ही जाण या मांडणीत आहे.

५

१९२५ हे वर्ष सरदेसायांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. बडोद्याची नोकरी संपली. त्याच वर्षी शांतिनिकेतनात शिकून पुढील अभ्यासासाठी जर्मनीत गेलेला त्यांचा मुलगा श्यामकांत परदेशातच मरण पावला. वडिलांनी पुढे त्याची पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. इतरांची शेकडो पत्रे वाचून त्यांतून माणसे उभी करणाऱ्या इतिहासकाराने स्वतःच्या मुलाची पत्रे त्याच शिस्तीने लावावीत, यातील करुण अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. सरदेसाई पुढे लोणावळ्याजवळ इंद्रायणीकाठी कामशेत येथे राहिले. त्यांच्या आयुष्याचा उरलेला काळ तेथेच गेला.

या काळात त्यांना सर्वाधिक सोबत लाभली ती जदुनाथ सरकार (१८७०–१९५८) यांची. दोघांचा पत्रव्यवहार १९०४ पासूनचा. औरंगजेबाच्या इतिहासासाठी जदुनाथांना मराठी साधने हवी होती आणि सरदेसायांना फार्सी साधनांचा आधार हवा होता. ही देवघेव अर्धशतक चालली. मराठी पत्र आतला हेतू सांगते आणि फार्सी अखबार बाहेरची हालचाल सांगतो. एकाच घटनेच्या या दोन साक्षी एकत्र ठेवल्याखेरीज कथन एकांगी होते, ही जाणीव या मैत्रीतून दृढ झाली.

१९२९ मध्ये मुंबई सरकारने पुण्यातील पेशवे दप्तरातील निवडक कागद संपादित करण्याचे काम सरदेसायांकडे सोपविले. मोडी कागदांच्या हजारो रुमालांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. हे काम बडोद्याहून आलेल्या निवृत्त अधिकाऱ्याकडे जावे आणि पुण्यातील संशोधकांना दप्तर खुले होऊ नये, याबद्दल तेथील वर्तुळात तीव्र नाराजी होती. दप्तर सर्वांना खुले असावे ही मागणी रास्तच होती.

या पंचेचाळीस भागांची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिला भाग उदगीरच्या लढाईवर आहे, दुसरा पानिपतवर. पुढे शाहू व पेशवे यांच्या खासगी जीवनावरही भाग आहेत. म्हणजे येथे कागद सलग कालक्रमाने लावलेले नाहीत, ते विषयवार लावले आहेत. कथनकाराची नजर संपादकाच्या कामात उतरली आहे. याचा लाभ असा की भाग उघडताच अभ्यासकाला एक कथा सापडते. तोटा असा की ज्या कागदांतून अशी कथा तयार होत नाही, शेतसारा, बाजारभाव, गावगाडा यांचे जे असंख्य कागद दप्तरात आहेत, ते बहुतांशी निवडीबाहेर राहतात. राज्यकर्त्यांच्या कागदांतून राज्यकर्त्यांचीच कथा निघते. रियासतीत सामान्य जनतेचे जीवन क्षीण आहे हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे मूळ ‘रियासत’ या पहिल्या शब्दापर्यंत जाऊन भिडते.

६

दप्तराच्या कामातून जे हाती आले त्यामुळे स्वतःचेच जुने भाग सरदेसायांना अपुरे वाटू लागले. वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी आरंभीची कथा पुन्हा लिहायला घेतली. ही तिसरी मांडणी. या वेळी काळाच्या विभागांऐवजी व्यक्ती हे एकक ठरले: ‘शककर्ता शिवाजी’, ‘उग्रप्रकृति संभाजी’, ‘स्थिरबुद्धि राजाराम’, ‘पुण्यश्लोक शाहू’. प्रत्येक नावाआधी एक विशेषण आहे. हे विशेषण म्हणजे त्या त्या खंडाचे आशयसूत्रच. वाचकाला पहिल्याच क्षणी दिशा मिळते, लेखकालाही निवडीचा निकष मिळतो. उग्र आणि स्थिर या शब्दांच्या जवळिकीतून दोन भावांची तुलनाही आपोआप सूचित होते.

या युक्तीचे सामर्थ्य जेथे आहे तेथेच तिचा धोकाही आहे. विशेषण हे निष्कर्ष असते. ते शीर्षकात आले की पुराव्याच्या आधी निष्कर्ष येतो. संभाजी महाराजांविषयीची प्रतिकूल प्रतिमा मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीसारख्या उत्तरकालीन लेखनातून रूढ झालेली होती. ‘उग्रप्रकृति’ या शब्दाने तिला मर्यादेत आणले, पण पूर्णपणे बाजूला सारले नाही. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र १९६० मध्ये आणि कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये आला, तेव्हा समकालीन साधनांच्या आधारे ही प्रतिमा नव्याने तपासली गेली. ती तपासणी पाहण्यास सरदेसाई हयात नव्हते. त्यांच्या तिसऱ्या मांडणीतील ही उणीव तपशिलाच्या चुकीतून आलेली नाही; ती आराखड्यातूनच आलेली आहे, म्हणून ती अधिक बोधप्रद आहे.

७

चौथी मांडणी इंग्रजीत झाली. पाटणा विद्यापीठात १९२६ साली दिलेल्या व्याख्यानांतून मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाहांचे एक आटोपशीर विवेचन त्यांनी आधीच केले होते. १९४६ ते १९४८ या वर्षांत ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’ हा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मराठीतील हजारो पृष्ठे तीन खंडांत आणायची तर काय गाळावे हा प्रश्न होता. मराठी वाचकासाठी जो तपशील जिव्हाळ्याचा होता, घराण्यांचे मानापमान, गावांची नावे, पत्रांतील बोलीचा गोडवा, तो मराठीबाहेरील वाचकाला ओझे ठरला असता. वाचक बदलला की प्रमाण बदलते, आणि प्रमाण बदलले की कथेचा मध्यबिंदूही हलतो. येथे मराठी सत्तेचे हिंदुस्थानच्या राजकारणातील स्थान हा मध्यबिंदू झाला. ग्रँट डफने सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत घातलेल्या कथेला त्याच भाषेत दिलेले हे उत्तर होते.

१९५६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘माझी संसारयात्रा’ प्रसिद्ध झाले, १९५७ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला, आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. १९८८ पासून स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली पॉप्युलर प्रकाशनाने ‘मराठी रियासत’ आठ खंडांत पुन्हा उपलब्ध करून दिली. आज अभ्यासकाच्या हाती असते ती सामान्यतः हीच आवृत्ती. तिच्या आरंभीच्या खंडांची शीर्षके तिसऱ्या मांडणीतली, पुढील पुष्कळसा भाग दुसऱ्या मांडणीतला. एकाच मालेत वेगवेगळ्या काळांतील, वेगवेगळ्या पुराव्यांवर आधारलेले आराखडे शेजारी शेजारी नांदत आहेत. म्हणून रियासतीचा हवाला देताना खंड व पृष्ठ सांगणे पुरेसे होत नाही. ते विधान कोणत्या मांडणीचे आहे, आणि त्या वेळी पेशवे दप्तर उघडले होते की नव्हते, हेही पाहावे लागते.

ऐतिहासिक कादंबरी, चरित्र अथवा ललित इतिहासकथन यांचा अभ्यास करणाऱ्यांना रियासत बहुधा माहितीचा साठा म्हणून परिचित असते. या चार मांडण्या शेजारी ठेवून वाचल्या तर ती कथनविचाराचाही साठा ठरते. सरदेसायांनी आराखडा लेखनापूर्वी एकदाच करून ठेवला नाही. प्रत्येक नव्या दप्तराने, प्रत्येक नव्या तिथीने आणि प्रत्येक नव्या वाचकवर्गाने तो त्यांच्याकडून पुन्हा करवून घेतला. स्वतःच्या नावावर स्थिरावलेला, लोकमान्य झालेला ग्रंथ अपुरा मानून सत्तरीत पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करणे सोपे नव्हते. त्यांच्या निष्कर्षांपैकी अनेक पुढील संशोधनाने बदलले, काही विभागण्या आज त्याज्य वाटतात. त्या बदलांना जागा राहील अशा रीतीने त्यांनी काम केले होते.